काथ्या, राख आणि नाखवांची काच

काचेच्या धंद्यात एक गंमत आहे. फुटलेली काच घेऊन येणारा माणूस घाईत असतो. पण ओरखडे पडलेली काच घेऊन येणारा? तो खुर्ची ओढून बसतो! काच एका दिवसात अशी होत नाही, आणि जे हळूहळू होतं त्याची गोष्ट लांबच असते. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटबाहेर माझं गाड्यांच्या काचांचं दुकान. तिथे आता काचांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

*

परवा समोरच्या ऑफिसातले एक साहेब जुनी गाडी घेऊन आले. पुढची काच पांढरीफटक! मोबाइलवर कुठेतरी बघून वायपरच्या ओरखड्यांवर त्यांनी अख्खी टूथपेस्ट घासली होती. ओरखडे जिथल्या तिथे, वर पेस्टची पापडी. आमचा फिटर गणू मालवणचा. त्याने काचेजवळ नाक नेलं आणि शांतपणे म्हणाला, "सायबानूं, वरखडे काय गेले नाय. पण गाडीच्या तोंडाक आता वास येवचो नाय."

*

मुलुंडच्या एका गृहस्थांनी सेकंडहँड गाडी घेतली. विकणारा वस्ताद! दर वेळी भर दुपारीच दाखवायचा. सूर्य डोक्यावर असला की ओरखडे दिसत नाहीत, हे शिकायला माझी उमेदीची वर्षं गेली; त्याला कोणी शिकवलं देव जाणे. पहिल्याच संध्याकाळी लिंक रोडवर ऊन समोरून आलं आणि काचेवर जणू जळमटं पेटली. बिचारे मला विचारत होते, आता काय करू? उत्तर गणूनेच दिलं, "दुपारचीच चालवा."

*

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे खारदांड्याचे हिरोजी नाखवा! स्वतःची बोट, आणि बोटीइतकीच जुनी गाडी. दर रविवारी बायकोला, म्हणजे पारूवैनींना, गोराईला माहेरी न्यायचं हा नेम. काच मात्र अशी झालेली की समोरून लाइट आला की नुसता धुरळा. लेकीने दम दिला होता, काच बदला नाहीतर गाडी विका. नाखवा रडकुंडीला आले होते. "शेट, आधी कशी पळवायचो! आता बैलगाडी झालीय." मागच्या सीटवर वैनी निवांत शेंगा खात होत्या.

मी काचेवर नख फिरवलं. आमच्याकडे साधा हिशेब आहे: नख अडकलं नाही तर पॉलिश, अडकलं तर काच बदला. इथे नख अडकत अडकतच गेलं. आणि ओरखडे वायपरचे नव्हतेच! वायपर कमानीत घासतो. हे तर गोल गोल, रांगोळीसारखे.

विचारलं, काच पुसतं कोण?

"मीच," वैनी अभिमानाने म्हणाल्या. "खाऱ्या वाऱ्याने पांढरी होते ना. काथ्या, राख, चिमूटभर वाळू. आमची भांडी बघा येऊन, कशी चमकतात!"

"अहो वैनी, भांड्यातून रस्ता बघायचा नसतो!"

*

नवी काच बसली. गम सुकेपर्यंत नाखवांना दम निघेना. शेवटी आत बसले आणि म्हणाले, "शेट, समोरचा शिव्या देतो ते पण दिसतंय!" गाडी वाचली! मी वैनींना मऊ कापड दिलं आणि बजावलं, भरपूर पाणी आणि हे कापड, काथ्या बंद म्हणजे बंद. त्यांनी ते घडी करून पिशवीत ठेवलं. नाखवांनी गाडी अशी सोडली की गणू बाजूला झाला म्हणून वाचला.

*

काही रविवार गेले. नाखवा पलीकडे चाकात हवा भरत होते. वैनी एकट्याच दुकानात आल्या. चेहरा उतरलेला.

"शेट, आमची जुनी काच आहे का हो?"

ती केव्हाच भंगारात गेली होती. मी म्हटलं, का हो?

"ह्या माणसाला आता सगळं दिसतंय. बोट हाकल्यासारखी गाडी हाकतो. दर्यात ब्रेक कोण लावतो, म्हणतो. माहेर येईपर्यंत माझा जीव मुठीत."

मी म्हटलं, थांबा, मी समजावतो त्यांना. वैनी हसल्या. त्यांचा जन्म त्यातच गेला होता म्हणे.

मग त्यांनी पिशवीत हात घातला. माझं मऊ कापड, घडीही न मोडलेलं, टेबलावर ठेवलं. पिशवीत खाली काथ्या दिसत होता.

दुकानाच्या काचेतून बाहेर गाडीच्या नव्या काचेकडे त्यांनी एकदा नीट बघून घेतलं.

"बरं," म्हणाल्या. "मग थोडा वेळ लागंल."