कोपऱ्यावरची कमान

साखरा गावचा भागवत मिस्तरी म्हणजे कमानीचा माणूस. आजकाल दार असो की खिडकी, वर सळई-सिमेंटचं लिंटेल ओतलं की झालं काम. कमान बांधत बसायला वेळ कोणाला हाये? भागवत मात्र अजून नुसत्या विटांची कमान बांधायचा. खाली फळ्यांचा आधार, वर घासून तिरप्या केलेल्या विटा, आणि मधोमध शेवटची वीट ठोकून बसवायची. फळ्या काढायच्या वेळी हा गडी खुशाल कमानीखाली जाऊन तंबाखू मळत उभा राहायचा. तीस वर्षांत एक वीट हलली नव्हती. त्याला त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

त्याची लेक प्रतिक्षा नरसीला दिलेली. तिच्या सासऱ्यानं, शिवशंकरनं, नवं घर काढलं आणि कामाला इवाईलाच, म्हणजे भागवतलाच, बोलावलं. इथंच घोळ झाला. दुसऱ्या कोण्या मालकाला भागवत तोंडावर म्हणायचा, "असं जमत न्हाई, दुसरा मिस्तरी बघा." लेकीच्या सासऱ्याला तसं कोण म्हणतं? लेकीच्या बापानं मान खाली घालावी, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

दार भिंतीच्या मधोमध ठरलं होतं. भिंत गुडघाभर वर आली, आणि शिवशंकरनं फोनवर कोण्या वास्तूवाल्याला विचारलं. तो बाबा दूर शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकणारा. म्हणाला, दार ईशान्येच्या कोपऱ्यात सरकवा. सरकवलं. दार आणि घराचा कोपरा यांच्यात भिंत उरली जेमतेम दीड विटेची.

"मंग वर लिंटेल टाकू," भागवत म्हणाला. "कमान दोन्ही बाजूंला रेटा देती. तिला भिंतीचा खांदा जाड लागतो."

"लिंटेल तर कोणीबी टाकतंय, इवाई," शिवशंकर हसला. "तुमची कमान पाहायला पाहुणे येऊन राहिले. घरच्याच कामाला काहून हात आखडता?"

एवढा टोमणा पुरला. भागवतनं कमान बांधली. सुबक बांधली, अगदी नजर लागावी अशी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फळ्या काढायच्या दिवशी तो कमानीखाली गेलाच नाही. पाऊलच पुढं पडेना. बाजूला उभा राहून त्यानं फळ्यांना बांधलेली दोरी ओढली, आणि कमान जागेवर राहिली. सगळ्यांनी वाहवा केली. चार दिवसांनी कोपऱ्यात केसाएवढी भेग दिसली. त्यानं सिमेंट भरून वरून गिलावा ओढला. झाकली मूठ सव्वा लाखाची! आठवड्यात भेग पुन्हा वर आली. मग त्यानं दाराच्या आतल्या बाजूनं, कोणाला दिसणार नाही अशी, भेगेवर कागदाची पट्टी खळीनं चिकटवली. भिंत सरकत असली तर पट्टी फाटणार. तिसऱ्या दिवशी फाटली. दुसरी लावली, तीही फाटली.

प्रतिक्षाला सातवा महिना होता. सासू मालनबाईसोबत ती रोज सकाळी भिंतींना पाणी मारायला यायची. भागवतनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "पुढं फरशी ओली हाये, घसरशील. तू मागच्या दारानं येत जा." पोरगी बिचारी बापाचं ऐकायची. मालनबाई मात्र डोक्यावर घागर घेऊन पुढच्या दारानंच यायची. ती कमानीखालून जायची तेव्हा भागवत मान खाली घालून उगाच माल कालवत बसायचा.

घरी त्याचं जेवण सुटलं. बायको धुरपताबाईनं खोदून विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग सांगून टाका ना त्यांला. अजून येळ गेली न्हाई."

"काय सांगू? बापानंच लेकीच्या घराचं वाटोळं केलं, हे प्रतिक्षाला जलमभर ऐकावं लागंल."

"आन् पडली तर?"

वास्तुशांती होऊन जाऊ दे, मग काहीतरी निमित्त काढून लिंटेल टाकू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. भित्र्या माणसाला उद्याचा दिवस नेहमीच सोयीचा वाटतो.

वास्तुशांतीला शिवशंकरनं डीजे सांगितला होता. मांडव भरला. प्रतिक्षा आणि जावई कलश घेऊन दाराकडे निघणार, तेवढ्यात डीजेवाल्यानं स्पीकरची पेटी तपासायला आवाज सोडला. भागवत दाराच्या आत उभा होता. धडधड अशी की छपराचे पत्रे थरथरले. सकाळीच लावलेली पट्टी त्याच्या डोळ्यांदेखत मधोमध फाटली, आणि भेगेतून बारीक वाळू गळू लागली.

कोपऱ्यातली पहार उचलून तो बाहेर आला.

"मागं सरा सगळे," तो म्हणाला. "इवाई, ही कमान पडणार हाये. पाहुण्यांला मागच्या दारानं घ्या."

"कालवरी तर बराबर होती," शिवशंकर म्हणाला.

"कालवरी मी खोटं बोलत व्हतो."

"मुहूर्ताला घराचं तोंड फोडून राहिले तुमी?"

बाजूला उभं राहून भागवतनं मधल्या विटेत पहार घातली. एक ठोका, दुसरा, आणि अख्खी कमान खाली बसली. पाठोपाठ कोपऱ्याची भिंत बाहेर कलली आणि रांगोळीवर येऊन आदळली. वरचे पत्रे लोंबकळत राहिले. धूळ खाली बसेपर्यंत कोणी हललं नाही.

शिवशंकरनं त्या ढिगाकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. प्रतिक्षा कलश घेऊन पुढं आली.

"आप्पा, तुमाला कव्हापासून ठाव होतं?"

"फळ्या काढल्या तव्हापासून."

"म्हणून मला मागच्या दारानं ये म्हणले व्हय?" तिनं विचारलं. मालनबाई तिच्या शेजारीच उभी होती, ऐकत. "आन् माझी सासू? ती रोज इथूनच येत व्हती."

भागवतनं मान खाली घातली. प्रतिक्षानं कलश कडेला घेतला, दुसऱ्या हातानं सासूचा हात धरला आणि दोघी घराला वळसा घालून मागच्या दाराकडं गेल्या. पाहुणेही हळूहळू त्यांच्या मागं गेले. भागवत विटांच्या ढिगाशी पहार धरून उभा होता. त्याला कोणी आत या म्हणलं नाही.