वंदनाचं हजेरीपुस्तक आणि माझी डावी बाजू

रुही, निनाद, रविवारी व्हिडिओ कॉलवर माझे केस उजवीकडे कानापर्यंत आणि डावीकडे खांद्यापर्यंत दिसले, यात तुमच्या इंटरनेटचा काहीही दोष नाही. ते तसेच आहेत. तुम्ही दोघं हसता हसता फोन पाडलात, म्हणून आता सविस्तर लिहिते. चूक कोणाची ते वाचून ठरवा. (माझी नव्हती.)

तुमची वंदनाकाकू, म्हणजे माझी पुतणसून, इथे नागपुरात हुडकेश्वरच्या एका पार्लरमध्ये केस कापते. ती तिथे नोकर नाही. पार्लरच्या मालकीणबाईंना खुर्चीचं भाडं भरते. कात्री तिची, टॉवेल तिचे, गिऱ्हाईकंही तिचीच. हिशेब मात्र पर्समधल्या चुरगळलेल्या चिठ्ठ्यांवर! जन्मभर शाळेचं ऑफिस सांभाळलेल्या बाईला हे बघवेल का? मी तिला जाड रजिस्टर आखून दिलं. येण्याची वेळ, जाण्याची वेळ, किरकोळ रजा, आजारपणाची रजा, पगार, भाडं. आणि शेवटी, वरिष्ठांची सही.

"काकू, मले कोण वरिष्ठ?"

"मालकीणबाई आहेत ना. सहीशिवाय कागद पुरा होत नाही."

बिचारी आठ महिने रोज सही घेत राहिली. मालकीणबाईही आनंदानं करत राहिल्या. (मला तेव्हाच संशय यायला हवा होता.)

परवाच्या शनिवारी मी तिच्याकडे केस कापायला बसले. उजवी बाजू झाली, तेवढ्यात वंदनानं मालकीणबाईंना सांगितलं की पुढच्या महिन्यात ती समोरच्या गाळ्यात स्वतःचं दुकान टाकणार, गिऱ्हाईकांनाही तसं कळवणार. मालकीणबाईंनी सहीसाठी आलेलं माझं रजिस्टर उघडलं.

"तू तं माही नोकर आहेस वं. हे पाय, तीन दिवसांची रजा मीच मंजूर केली. नोकराचे गिऱ्हाईक म्हणजे मालकाचे. एकीलेही फोन करायचा नाही."

वंदनाची कात्री हवेतच थांबली. तीन वर्षं एकेक करून जोडलेल्या बाया त्या रजिस्टरात अडकल्या होत्या, आणि अक्षर माझं होतं! मी गळ्यातल्या कापडासकट उठले. पगाराचा रकाना दाखवला. रिकामा रकाना सोडायचा नाही म्हणून मी दर महिन्याला तिथे लाल शाईनं आडवी रेघ मारली होती. शेजारी भाड्याची पोच, खाली मालकीणबाईंची सही.

"पगार नाही, उलट तीच तुम्हाला भाडं देते," मी म्हणाले. "असा नोकर मलाही एखादा बघून द्या."

मालकीणबाईंनी आठही लाल रेघांवरून बोट फिरवलं.

"ठीक आहे, ने तुह्या बाया," त्या वंदनाला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पण मॅडम, मंग मी आठ महिने रजा कायले मंजूर करून राहिली होती?"

मी परत खुर्चीत बसायला वळले. "आन् खुर्ची माही आहे," त्या पुढे म्हणाल्या. "आता तिच्यात बसायचं नाही."

अशा रीतीनं, सत्य पूर्णपणे माझ्या बाजूनं असताना, मी डोक्याला ओढणी गुंडाळून ऑटोनं घरी आले!

वंदना आता गाळ्याच्या रंगरंगोटीत गुंतली आहे. उरलेले केस कापायला येईन म्हणते, पण तिच्या नव्या वहीत माझा नंबर चौथा आहे, आणि नंबर मोडायचा नाही हे तिला मीच शिकवलं. रजिस्टर तिनं ठेवलंय. फक्त वरिष्ठांच्या सहीचा रकाना कात्रीनं कापून टाकला, अगदी सरळ रेषेत. गिऱ्हाईकं सगळी शाबूत आहेत. माझी डावी बाजूही अजून शिल्लक आहे.