जावाईबापूंची मीटिंग

ऋषिकेश खुर्चीवर बसला की त्याचा उजवा पाय हलायला लागतो. लहानपणी आई मांडीवर चापट मारून तो थांबवायची. लग्नानंतर बायकोने, अलकाने, तो थांबवायचा नाद सोडला. त्या रविवारी मात्र तो बसतच नव्हता. बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या गिरधर सरांच्या कोचिंग क्लासचा वरचा हॉल त्याने दुपारपुरता मागून घेतला होता, आणि तिथे खिडकीपासून जिन्यापर्यंत येरझाऱ्या चालू होत्या. मधेच तो प्रोजेक्टरची वायर उगाच काढून पुन्हा लावायचा. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. बसायला कोणी नव्हतं.

माणूस तसा साधा. पुण्याच्या एका कंपनीचं काम बुऱ्हाणपुरात घरी बसून करायचा. काम डेटाबेसचं, म्हणजे कंपनीची सगळी माहिती ज्या सॉफ्टवेअरमध्ये साठते ते अडखळलं की कुठे अडलं हे शोधून काढायचं. पुण्यात होता तेव्हा दर महिन्याला याच कामातली माणसं एका हॉलमध्ये जमायची. कोणाचं काय बिघडलं, कोणी कसं सुधारलं, आणि चहा गार होईपर्यंत भांडण. लॉकडाऊनमध्ये तो गावी आला, इथेच रमला, शाळेत शिकवणाऱ्या अलकाशी लग्नही झालं. सगळं होतं, फक्त ते भांडण नव्हतं. अलकाला त्याने एकदा इंडेक्स, म्हणजे माहिती पटकन सापडावी म्हणून केलेली सूची, काय असते ते केळीच्या फण्या मांडून समजावलं. तिने "हो का, छान" म्हणत कुकर लावला.

म्हणून त्याने बुऱ्हाणपूरचा ग्रुप काढला. व्हॉट्सॲपची लिंक कॉलेजांत, कंप्युटरच्या दुकानांत, दिसेल त्याला पाठवली. लोक ग्रुपात येत, सणावाराला शुभेच्छा टाकत, आणि मीटिंगला कोणी फिरकत नसे. त्यात आता कंपनीने सगळ्यांना पुण्यात परत बोलावलं होतं. घरूनच करता येईल असं दुसरं काम त्याच्या हातात होतं, पण मन ठरत नव्हतं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं.

"आज आपल्यातला एक जरी माणूस आला ना," तो सकाळी चहा पिताना म्हणाला, "तर मी पुण्याला 'नाही' म्हणून कळवतो. नाही आला तर सामान बांधायचं. किती दिवस भिंतीशी बोलू मी?"

अलका मोबाईल उचलून स्वयंपाकघरात गेली. तिची शाळा इथे, आई इथे, सगळा गोतावळा इथे. पण हे त्या बापड्याला कुठे दिसणार!

दुपार टळायला लागली आणि जिन्यात पावलं वाजली. एक-दोन नव्हे, चांगली गर्दी. ऋषिकेशने केसांवरून हात फिरवला, लॅपटॉपचं चित्र भिंतीवर लावलं आणि धावत दाराशी गेला.

वर आले ते अलकाचे भाईदास मामा, परीटघडीची पांढरी टोपी घालून. त्यांच्यामागे जरीच्या साडीत भागाबाई मावशी, तिच्या मागे मावशीच्या सुना, आणि शेवटी माव्याच्या जिलेबीचा खोका घेऊन अलकाचा भाऊ चंदन आणि स्वतः अलका.

"अलका, हे काय आहे?" ऋषिकेश दबक्या आवाजात म्हणाला.

"कार्यक्रमात रिकाम्या खुर्च्या बऱ्या दिसतात का? आणि तुम्हीच म्हणाले, आपल्यातला माणूस पाहिजे. मामा काय परके आहेत?"

त्याला असा राग आला की जिन्यात जाऊन रडावंसं वाटलं. पण नवी टोपी घालून आलेल्या मामेसासऱ्यावर रागवायचं तरी कसं?

"जावाईबापू, भाषण मंग द्या," मामा म्हणाले. "पहिले मान. बसा खुर्चीवर."

आणि त्याला बसवलंच. कपाळाला कुंकू, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, हातात नारळ. सुनांनी टाळ्या वाजवल्या, चंदनने जिलेबी फिरवली. दारात क्षणभर कोणीतरी डोकावलं, पण टोपी भुवयांवर आलेल्या ऋषिकेशला ते दिसलं नाही.

थोड्या वेळाने भिंतीवर अक्षरं उमटली. लॅपटॉपवर उघड्या असलेल्या ग्रुपवर मेसेज आला होता. मामांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला: "सर, मी तृप्ती, डोईफोडियाहून. मीटिंगला आली होती, पण वरती साखरपुडा चालू होता. मीटिंग कॅन्सल झाली वाटते. कोई बात नहीं, मी बसस्टँडला चालली."

"कोनाचा साखरपुडा?" भागाबाई मावशीने विचारलं.

ऋषिकेशने फोन लावला तर तो बंद. तो तसाच जिना उतरला. स्कूटी अलकाने काढली. गल्लीतल्या रिक्षांतून वाट काढत ती म्हणाली, "चुकलं माझं. मला वाटलंच नाही हो, कोणी येईल म्हणून." मागे ऋषिकेशने नारळ छातीशी घट्ट धरला होता.

बसस्टँडवर डोईफोडियाच्या बसचं इंजिन चालू होतं. तो आत घुसला आणि ओरडला, "तृप्ती कोण आहे इथं?"

खिडकीशी, मांडीवर लॅपटॉपची बॅग घेऊन बसलेल्या मुलीने बिचकत हात वर केला. "सर? साखरपुडा सोडून आले तुम्ही?"

"तीच मीटिंग होती! ते बायकोचे मामा... ते जाऊ द्या. तुमची अडचण काय?"

तिने त्याच्या टोपीकडे पाहिलं. मग तिला राहवेना. "घरून काम करते सर, बियाण्याच्या कंपनीचं. संध्याकाळी रिपोर्ट लावला की पूरा सिस्टम लटकून जाते. गावात कोणाले विचारू? सब बोलते, मोबाईल रीस्टार्ट कर!"

बस हलली. कंडक्टर जवळ आला. "नवरदेव, उतरता का तिकीट फाडू?"

ऋषिकेशने बाहेर पाहिलं. अलका स्कूटीपाशी उभी राहून हात हलवत होती. "फाडा," तो म्हणाला. "डोईफोडिया."

नारळ त्याने शेजारच्या म्हातारीच्या ओटीत घातला आणि तृप्तीला लॅपटॉप उघडायला लावला. रिपोर्ट सगळ्यांची वाट अडवतो, असं त्याचं म्हणणं पडलं. "नाही सर, तसं नाही," तृप्ती म्हणाली, "ते मी पहिलेच पाहिलं." त्याने पुन्हा सांगितलं, तिने पुन्हा खोडलं. दोघांचे आवाज इतके चढले की पुढची माणसं मागे वळून बघू लागली. किती वर्षांनी कोणीतरी त्याला 'तसं नाही' म्हणत होतं! आणि त्याचा उजवा पाय अगदी स्वस्थ होता.

फोन वाजला. अलका होती.

"अहो, कुठे चालले तुम्ही? मामा विचारून राहिले! आणि... पुण्याचं काय?"

"'नाही' म्हणून कळवतो," तो म्हणाला. "आता ठेव. मीटिंग चालू आहे."