खिशातला सरदार

नालवाडीत माझ्या शेजारी एक रिटायर साहेब राहतात. जेवायच्या टेबलावर बोटाएवढे शिपाई मांडून जुन्या लढाया खेळतात. घरवाली गेल्यापासून माझ्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मी चहाला तिकडं जातो अन् हा पोरखेळ पाहत बसतो.

माणूस बोलतो कमी, खाकरतो जास्त. फौज मात्र टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरवतो. खेळाचा नियम असा, की सरदार जवळ नसला तर तुकडी जागची हलत नाही. याचे टोकाचे शिपाई नेहमी तसेच मातीच्या बैलांसारखे उभे.

"अजी साहेब, एवढं लांब काऊन पसरवता?"

"भाऊ, फौज रुबाबदार दिसली पाहिजे."

मग स्वतःशीच खेळून हरला की फाशाला शिव्या.

परवा ऐन लढाईत त्याच्या बायकोनं स्वयंपाकघरातून आवाज दिला, "उचला तो पसारा, ताटं मांडाची हायेत!" लगेच दोन्ही फौजा डब्यात जायला लागल्या. याचा हुकूम वीतभर पोचत नाही, तिचा भिंतीपलीकडून पोचतो.

शिपाई भरता भरता साहेब खाकरून म्हणाला, "तुम्ही सुखी आहात भाऊ. हाक मारायला मागं कोणी नाही."

मी टेबलावरचा डाव्या तुकडीचा सरदार उचलला अन् खिशात घातला.

"अहो भाऊ, आता ती तुकडी हलणार कशी?"

"नाई हालत," मी म्हटलं. "बसून राह्यते."