दोघांची गाडी

वळण आलं की काका खिडकीतून उजवा हात खांद्यापासून सबंध बाहेर काढायचे. इंडिकेटर टिकटिकत असायचा, तरीही. डावीकडे जायचं असेल तर त्याच हाताने हवेत हे भलंमोठं गोल फिरवायचे. मागचा रिक्षावाला बिचारा गोंधळून जागीच थांबायचा.

"काका, दिवा लागलाय ना? हात आत घ्या," मी ओरडायचे.

"दिवा गाडी दाकवते, बाय. हात मी दाकवतो. मान्सानं मान्साला सांगाया नको?"

पनवेलला मी वीसेक वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. किती जणांना शिकवलं याचा हिशोब नाही. बहुतेकांचे चेहरे विसरले, काहींचे फक्त क्लच आठवतात. पण हे काका कुणी विषय काढला नाही तरी आठवतात. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास तुम्ही पनवेलमध्ये असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असणार. पाहिलं नसलं तरी त्यांची गाडी नक्कीच.

पहिल्यांदा आले ते चपला दाराबाहेर काढून. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, वय अठ्ठावन्न. "मना गाडी शिकव," म्हणाले.

"कुठली घेणार आहात?"

"घेतली. भायेर उबी हाय."

बाहेर जाऊन बघते तर फुलवालीच्या हातगाडीशेजारी एक हळदीसारखी पिवळी, एवढीशी गाडी. दोन दरवाजे, दोन सीटा, छप्पर काढून ठेवता येणारं. जमिनीला इतकी लागून की फुलवाली तिच्याकडे वाकून बघत होती. नवी मुंबईतल्या कुणा हौशी माणसाने वापरून विकलेली. पुतण्याने ती चालवत आणून दिली होती आणि तो हसू दाबत कोपऱ्यात उभा होता.

आता हे समजून घ्या, की काकांचं घर करंजाडेच्या बाजूचं. तिथल्या भातखाचरांवर इमारती उभ्या राहत होत्या आणि जमिनी गेलेल्या प्रत्येक घरापुढे एक उंच, काळी, ट्रकसारखी गाडी आली होती. काकांच्या थोरल्या भावाकडे तशी होती, धाकट्याकडेही होती. तीन भावांचं एकत्र घर, चौदा माणसं. आणि मधल्याने आणली ही.

घरात जे व्हायचं ते झालं. धाकटा भाऊ म्हणाला, हिच्यात तांदळाची गोण पण मावायची नाही. पोरं तिला खेळण्यातली गाडी म्हणू लागली. थोरले दादा काही बोललेच नाहीत. ते काही बोलले नाहीत की ते सगळ्यात वाईट, असं काकांनी मला सांगितलं.

मीही न राहवून विचारलं होतं, "काका, चौदा माणसांच्या घरात दोन सीटची गाडी कशाला?"

"चौदांसाठी दोन गाड्या हायेत दारान. ही दोगांची."

दोघं म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. लाजले होते, हे मला नंतर कळलं.

शिकायला काका उत्तम. बैल हाकलेल्या माणसाला धीर असतो. फक्त गाडीशी बोलायचे. चढावर "चल गं, चल गं" आणि ब्रेक लावताना "हो, हो, हो." लायसन्सच्या परीक्षेला प्रत्येक वळणावर त्यांचा हात बाहेर गेला, तेव्हा साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, हे तुम्ही शिकवता?" मी म्हटलं, नाही साहेब, हे ते आधीच शिकून आले होते. साहेब हसले आणि पास केलं.

दुसऱ्याच दिवशी काका पेढे घेऊन हजर. "उद्या कर्नाल्याला जातो. तू पन चल. हायवेची मना भीती वाटते."

"काका, मी बसू कुठे?"

हा विचार त्यांनी केलाच नव्हता. जरा वेळ डोकं खाजवून म्हणाले, "तुजी स्कूटर हाय ना? मागनं ये. चुकलो तर हॉर्न मार."

म्हणून मी पळस्पे फाट्यापासून कर्नाळ्यापर्यंत एका पिवळ्या गाडीच्या मागे स्कूटर चालवली आहे. ट्रक दोन्ही बाजूंनी घोंघावत जात होते. छप्पर काढलेलं. डावीकडे एक हिरवा पदर झेंड्यासारखा फडफडत होता आणि तो आवरायला एक बांगड्यांचा हात सारखा वर येत होता. उजवीकडून काकांचा हात सारखा बाहेर. त्या गाडीला मिळून चार हात आहेत असं वाटावं!

कर्नाळ्याला झाडाखाली बसलो. काकींनी फडकं सोडलं. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदा. काका पाणी आणायला गेले तेव्हा काकी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लगनाला चालीस वर्सं झाली, बाय. बैलगाडीन ह्ये पुढं, मी मागं. टेम्पोन ह्ये डायवरजवल, मी हौद्यात पोरांसंगं. घरान आदी पुरुषांची पंगत, मंग आमची. ह्यांच्या बाजूला बसून मी आज पयल्यांदा खाते."

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

"पन वारं लय लागतं," काकी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

मग पाच-सहा वर्षं ती गाडी सगळीकडे दिसायची. पाताळगंगेकाठी आपट्याला काकींचं माहेर, तिथे. उरणला मासळी आणायला. सामानाला जागाच नाही, म्हणून मांदेलीची पिशवी काकींच्या मांडीवर. गाडीला तो वास कायमचा लागला. सिग्नलला बाजूला थांबलेली कॉलेजची मुलं आधी गाडीकडे कौतुकाने बघायची आणि मग नाकाला रुमाल लावायची. काकी गाडीला "माजी सवत" म्हणायच्या, पण आठवड्यातून एकदा तिला स्वतः पुसायच्या.

मग काकींचे गुडघे गेले.

बसताना त्या धप्पकन खाली बसायच्या. उठताना काका समोर उभे राहून दोन्ही हातांनी ओढायचे. एकदा भर बाजारात त्यांना उठताच येईना. काकांनी ओढलं, जमेना. शेवटी दोन कोळणी टोपल्या ठेवून धावल्या, काखेत हात घालून त्यांनी काकींना बाहेर काढलं. काकी तिथे सगळ्यांबरोबर हसल्या. घरी जाऊन रडल्या. "मना परत नका सांगू गाडीन बसाया," एवढंच काकांना म्हणाल्या.

काकांनी ताडपत्री आणली आणि गाडीवर घातली. एकटे कधीच गेले नाहीत.

महिन्याभराने माझ्याकडे आले. खिशातून सुतळीचा तुकडा काढला. मधे एक गाठ. "ती ओटीवरच्या बाकड्यावर बसते ना, तिथून उठाया तिला कुनाचा हात लागत नाय. तेवडी उंची हाय ही. या गाठीवर ज्या गाडीची सीट येल, ती घ्यायची. तू चल माज्यासंगं."

आम्ही तीन शोरूम फिरलो. सगळीकडे टाय लावलेला मुलगा अॅव्हरेज सांगायचा, एअरबॅग सांगायचा, मागे दूध-भाजी कशी मावते ते सांगायचा. काका ऐकून घ्यायचे, मग दार उघडून जमिनीवर उकिडवे बसायचे आणि सुतळी लावायचे. काळ्या गाड्या फार उंच, चढताना गुडघा वाकणार. छोट्या गाड्या खाली. तिसऱ्या ठिकाणी एका राखाडी, लांबोडक्या, आठ माणसांच्या गाडीला गाठ बरोबर लागली. काकांनी रंगसुद्धा विचारला नाही.

"काका, फिरवून तरी बघा."

"फिरंल की. गाडीच हाय ना?"

पिवळी गाडी खारघरचा एक तरुण घेऊन गेला. काकींनी चाकाला हळदकुंकू लावलं. गाडी वळणाआड गेल्यावर म्हणाल्या, "गेली सवत," आणि नाक ओढलं. काका नव्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून मला सांगत होते, "ती शेलडी होती. ही म्हस हाय, गरीब."

पण म्हशीला आठ सीटा होत्या आणि घरात चौदा माणसं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी मोठी गाडी अंगणातून मागे कशी घ्यायची ते शिकवायला गेले होते. आपट्याला काकींच्या भाचीची हळद होती आणि सगळे निघत होते. धाकट्या भावाची बायको, सुना, नातवंडं मागे भरली. थोरले दादा सहज, नेहमीप्रमाणे पुढे जाऊन बसले. त्या घरात दुसरं काही होऊच शकत नव्हतं. काकी मागच्या दाराशी आल्या. मधल्या सीटवर जागा नव्हती. पार मागच्या ओळीत जायचं तर सीट दुमडून, वाकून आत शिरायला हवं होतं. त्यांनी दाराला धरलं आणि एक पाय उचलून परत खाली ठेवला.

काकांनी आरशातून पाहिलं आणि गाडी बंद केली.

"दादा," ते म्हणाले, "तुमी जरा मागं बसा."

काकी घाबरून म्हणाल्या, "मी बसते की मागं. मना काय नाय होत."

काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर तुळशीकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. अठ्ठावन्न अधिक सहा वर्षांत भावापुढे आवाज न चढवलेला माणूस तो, आवाज तर आताही चढवला नव्हता.

दादा किती वेळ बसून राहिले कोण जाणे, मला तर फार वाटला. मग त्यांनी धोतराचा सोगा सावरला, उतरले, कुणाकडे न बघता मागच्या ओळीत शिरले. आतून आवाज आला, "चल रं आता. उनान गाडी तापली."

काकी पुढे बसल्या. गाठीने अगदी बरोबर सांगितलं होतं, एका झटक्यात बसल्या. घामाघूम झाल्या होत्या.

पुढली काही वर्षं राखाडी गाडी हळदींना, दवाखान्यांना, पोरांच्या शाळांना धावली. घरात कुणालाही कुठेही जायचं असलं की काकांना हाक. काका म्हणायचे, "ड्रायवर झालो मी सगल्यांचा," आणि खूश दिसायचे. पुढची डावी सीट कुणाची, हे पुन्हा कधी बोलावं लागलं नाही.

काका गेले ते दुपारी जेवून पडल्या पडल्या. मी तेराव्यानंतर भेटायला गेले. काकींना चार दिवस माहेरी न्यायचं ठरलं होतं आणि गाडी अंगणात उभी होती. त्यांचा मुलगा चालवणार होता. काकी भिंत धरत धरत बाहेर आल्या. मोकळं कपाळ बघवत नव्हतं. त्या खाली मान घालून सरळ मागच्या दाराकडे निघाल्या.

ओटीवर बसलेले थोरले दादा उठले. सत्तरी कधीच उलटलेली. काठी टेकत गाडीला वळसा घालून गेले आणि त्यांनी पुढचं दार उघडून धरलं. आपल्याहून लहान भावाच्या बायकोशी थेट बोलायची त्यांच्यात रीत नव्हती. म्हणून ते पुतण्याला म्हणाले,

"तुज्या आयेला सांग, पुढं बस म्हनावं."

काकी बसल्या. दादांनी दार हळूच लावलं, नीट लागलं का ते ओढून बघितलं. मग काकींच्या कपड्यांची पिशवी उचलून मागे गेले आणि ती मांडीवर घेऊन खिडकीशी बसले.