कोळीण वाटत नाही

"ही नाही चालणार. ही कोळीण वाटत नाही."

ड्रेसवाल्या मॅडमने माझ्या मायकडे बोट केलं आणि म्हटलं. बोट मायकडे, डोळे मोबाइलवर. माय दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला ऐकू येतं. मराठी कळतं.

मग मॅडम जवळ आली. मायची हनुवटी धरली, तोंड इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. बैलबाजारात पाहतात तसं. "रंग फारच काळा आहे. हिला मागच्या लाइनीत घ्या." पर्समधून सेंटची बाटली काढली आणि मायच्या अंगावर फसफस मारली. मायने डोळे गच्च मिटले. मग ती बाटली साऱ्या बायांवर फिरली. झुरळांवर औषध मारतात ना, तशी.

तलावाच्या बांधाला, पाळीला लागून असलेल्या शाळेची ही खोली. बेंचांवर चमकी लावलेल्या साड्यांचा ढीग. लाल, हिरव्या. मुंबईकडच्या कोळणी नेसतात तशा गुडघ्यापर्यंत कसायच्या. सोबत खोट्या नथी, प्लास्टिकचे गजरे. नागपूरहून भाड्याने आणलेलं सारं. आणि समोर आठ बाया. आमच्या ढिवर मोहल्ल्यातल्या. माझी माय त्यातली एक. मी तिला सोबत म्हणून आले होते.

आम्ही ढिवर. समुद्र आमच्या मोहल्ल्यात कोणीच पाहिलेला नाही. भंडारा जिल्ह्यात वैनगंगा आहे आणि तलाव आहेत. आमची माणसं डोंग्यात बसून जाळं टाकतात. बाया कमरेइतक्या पाण्यात उतरतात, झिंगे धरतात, बारीक मासोळ्या धरतात, शिंगाडे काढतात. अंगावर जुनं लुगडं, वर खोचलेलं. चिखलात गजरा माळून कोण उतरते?

पण उद्घाटन होतं. पाळीवर पुतळा बसवला होता. पत्रिकेत लिहिलं होतं, 'आपल्या मत्स्यपरंपरेचा गौरव करणारे भव्य कांस्यशिल्प'. सौंदर्यीकरण समितीची माणसं सहलीला गेली होती कुठल्यातरी बंदराच्या शहरात. तिथे असा पुतळा पाहिला, त्याच्यासमोर फोटो काढले, आणि हुबेहूब तसाच बनवून आणला. शिडाची होडी. डोक्याला तिकोनी रुमाल बांधलेला, वल्हं धरलेला बाप्या. बाजूला नथ घातलेली बाई, तिच्या टोपलीत पापलेट. आमच्या तलावावर पापलेट! मरळ नाही, रोहू नाही, पापलेट. मी ती मासोळी नागपूरच्या मॉलमध्ये बर्फावर ठेवलेली पाहिली तेवढीच.

हसून सोडून दिलं असतं. पण तो पुतळा जिथे उभा आहे, तिथे माझी माय बसायची.

तीच जागा. पाळीवरच्या कडुलिंबाखालची. समोर ओलं पोतं, पोत्यावर मासोळ्या, पायाखाली दाबलेला विळा. तिच्याआधी माझी आजी तिथेच बसायची. ह्या आठही बायांची चूल त्या पाळीवर चालायची. तिथे बसून मायने मला बी.ए. केलं. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपर्यंतही कोणी गेलं नव्हतं.

काम सुरू झालं तेव्हा पत्रे ठोकले आणि बायांना उठवलं. म्हणाले, काम होईपर्यंत. काम झालं तेव्हा म्हणाले, आता तिथे मासोळी विकली तर शोभा जाते. मायने टोपली डोक्यावर घेतली आणि दारोदार फिरायला लागली. जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांत विकू म्हणून बसस्टॉपवर उभी राहिली, तर कंडक्टर चढू देईना. "बाकीच्या सवाऱ्या उतरतात, बाई." मग पायी. ऊन असो का चिखल.

म्हणून समितीचे अध्यक्ष मोहल्ल्यात आले तेव्हा बायांनी त्यांना खाट टाकून दिली. त्यांची राइस मिल आहे, सारे त्यांना मिलवाले भाऊ म्हणतात. भाऊ म्हणाले, "उद्घाटनाले तुमच्या बाया पाहिजेत. पाहुण्यासमोर कोळीनृत्य करा. कार्यक्रम चांगला झाला का तुमच्या जागेचं पाहू."

बाया हो म्हणाल्या. जागेसाठी. नाचाची हौस कोणालाच नव्हती.

तर त्या खोलीत साड्या नेसवणं चालू होतं. मॅडम हात हलवून दाखवत होती. "असं वल्हवा. कंबर हलवा. लाजू नका. हसा, हसा!"

आमच्या शांताकाकीच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "मॅडम, ह्या लुगड्यानं मी तलावात उतरली तं मासोळ्या पळून जातीन आन् मीच जाळ्यात सापडन."

बाया खळखळून हसल्या. मॅडम ओरडली, "आता नाही हसायचं! गाणं लागलं की हसायचं!"

तेवढ्यात भाऊ दारात आले. नाकाला रुमाल. आत पाय ठेवलाच नाही. "मॅडम, सेंट कमी पडला काय? पाहुण्याच्या बाजूले उभ्या राहणार हायेत ह्या." मग माझ्याकडे पाहून हसले. "बेटा, तुले वास नसन येत. तुमाले सवय असते."

बेटा.

ह्याच भाऊंच्या घरी दर रविवारी मायची मरळ जायची. जिवंत पाहिजे, ताजी पाहिजे, मोठी पाहिजे. तेव्हा रुमाल खिशात असायचा. त्यांच्या घरात रस्सा शिजला की गल्लीभर सुगंध. तीच मासोळी मायच्या टोपलीत असली की वास. शाळेत मी वर्गात शिरले की बाई खिडकी उघडायच्या. एक शब्द न बोलता. साऱ्या वर्गाला कळायचं. कॉलेजात जायच्या आधी मी हाताला लिंबू चोळायची, चामडी जळजळेपर्यंत. मला वाटायचं वास माझ्या हाताला आहे. त्या दिवशी दारातला तो रुमाल पाहिला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. वास आमच्या अंगाला नव्हता कधीच. तो ह्यांच्या नाकात आहे. बापजाद्यांपासून मुरलेला. कितीही लिंबं घासली असती तरी गेला नसता.

मी मायकडे पाहिलं. मागच्या लाइनीत उभी. हिरवी साडी, नाकात खोटी नथ. आणि ती हसत होती. मॅडमने हसा म्हटलं होतं म्हणून. गाल वर, डोळ्यांत पाणी. चुकू नये म्हणून हसत होती माझी माय. तिच्या जागेसाठी.

ते हसू मला सहन झालं नाही.

मी गेले आणि तिच्या नाकातली नथ काढली. "माय, सोड हे लुगडं."

"पोरी, जागा जाईन ना वो."

"जागा आपलीच होती, माय. हे कोण देणारे?"

भाऊ म्हणाले, "ये, नाटक नको करू. पाहुणे गेटवर आले."

  मी जे बोलले ते मला शब्दनशब्द पाठ आहे. "भाऊ, माझी माय कोळीण वाटत नाही म्हणता. बरोबर हाये. ती ढिवरीण हाये. कोळीण पाहिजे असन तं समुद्रावरून आणा. ढिवरणीचा गौरव करायचा असन तं तिची जागा खाली करा."

भाऊंनी नाकावरचा रुमाल खाली घेतला.

"चार बुकं काय शिकली, डोक्यावर चढून बसली," भाऊ म्हणाले. "आता बसा घरी. तुमचं कायमचं बंद."

शांताकाकीने गजरा उपटला आणि बेंचावर टाकला. एकेक करून सहा जणींनी साड्या सोडल्या. पिना काढताना बोटं रक्ताळली. दोघी राहिल्या. त्यांच्या घरात लहान लेकरं होती, त्या घाबरल्या. मला त्यांचा राग नाही. राग कोणाचा करायचा ते मला आता चांगलं कळतं.

कार्यक्रम थांबला नाही. शाळेच्या पोरींना त्याच साड्या गुंडाळल्या. आम्ही रस्त्यावर होतो, भोंग्यातून सारं ऐकू येत होतं. गाणं, टाळ्या. मग पाहुण्याचा आवाज, "ह्या कष्टाळू मच्छीमार भगिनींना मी वंदन करतो." नंतर कळलं, वंदन त्यांनी त्या पोरींत नाचलेल्या मिलवाल्यांच्या पुतणीला केलं. सत्कार तिचा झाला, शाल तिला मिळाली. तिने आयुष्यात मासोळीचा काटाही काढलेला नाही.

घरी आलो. मायने अंगणात बसून बादलीभर पाणी अंगावर घेतलं, मग दुसरी बादली. शेवटी म्हणाली, "त्या सेंटचा वास जाऊन नाई राहिला वो. डोकं दुखून राहिलं."

दुसऱ्या दिवशी टोपली मी उचलली. माय म्हणाली, "कायले जातं? मारतीन." मी गेले. पुतळ्याच्या चौथऱ्याला टेकून पोतं अंथरलं आणि बसले. वॉचमन आला. "उठा, इथं मनाई हाये." मी म्हटलं, लेखी दे. तो समितीच्या साहेबांना बोलवायला गेला. साहेबांच्या माणसाने टोपली लाथेने उडवली. मासोळ्या फरशीवर. मी त्या गोळा केल्या, तलावाच्या पाण्याने धुतल्या आणि परत पोत्यावर मांडल्या. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं आली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शांताकाकी आली. मग माय आली, पदर खोचून. मग बाकीच्या. त्या राहिलेल्या दोघीही आल्या, त्यांनाही कोणी जागा दिली नव्हती. तेव्हापासून आम्हाला तीनदा उठवलं. एकदा पोलीस गाडीत बसवून ठाण्यात नेलं आणि संध्याकाळी सोडलं. तेव्हा घेतलेली वजनकाट्याची तागडी अजून परत दिली नाही.

गावातले शहाणे लोक मला समजावतात. बी.ए. झालीस, परीक्षा दे, नोकरी बघ, मासोळीच्या बाजारात कशाला बसतेस? परीक्षा मी देणार आहे. नोकरीही करणार आहे. पण ज्या दिवशी नोकरी लागेल त्या दिवशीही सकाळी मी आधी पाळीवर जाईन आणि पोतं अंथरून कामाला जाईन. माझं शिक्षण मला ह्या जागेवरून उठवायला नाही, ह्या जागेवर बसवायला झालं आहे.

पुतळा ठेवायचा की हलवायचा ते समितीने पाहावं. त्याचं आम्हाला काही नाही. उद्या बाजार आहे. उठवायला या. आम्ही बसलेल्या असू.