महादेवीताई आणि शेवट नसलेली कादंबरी

महादेवीताई कोणतंही पुस्तक शेवटच्या पानापासून उघडत. मी नांदेडहून उदगीरच्या वाचनालयात मदतनीस म्हणून रुजू झालो, तेव्हा ग्रंथपालाच्या खुर्चीत त्या अशाच बसल्या होत्या. कपाळावर विभूती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि पुढ्यात एका कादंबरीचं अखेरचं पान. मी न राहवून कारण विचारलं. म्हणाल्या, "मरनारं कोन हाय ते आधी कळलं की बरं असतंय. मग निवांत वाचता येतंय."

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नोंदवह्यांवरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहिणं, एवढंच माझं काम. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेलेला. वाचक टँकरच्या रांगेत असत, इकडे कुणी फिरकत नसे. त्या रिकाम्या दिवसांत रद्दीच्या गठ्ठ्यात ताईंना एक जुनी, भाषांतरित विज्ञान कादंबरी सापडली. मुखपृष्ठ गेलेलं, शेवटची पानं वाळवीने खाल्लेली. ताईंचा जन्म पुराणं आणि सामाजिक कादंबऱ्या वाचण्यात गेलेला. शेवट ठाऊक नसताना वाचलेलं हे त्यांचं पहिलंच पुस्तक.

चार दिवसांत त्यांनी ती वाचून काढली. मग मला गोष्ट सांगितली. पृथ्वीवरची माणसं एका परक्या ग्रहावर उतरतात. तिथलं पाणी संपलेलं असतं, शहर उभं असतं, पण दारं बंद. एका घरातून ठकठक ऐकू येते. म्होरक्या म्हणतो, वारा आहे. सगळे पुढे जातात. तिथेच पुस्तक संपत होतं.

"वारा असंल का हो?" ताईंनी मला विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. जेवताना मधेच हात थांबवून त्या कान देत.

त्याच महिन्यात देगलूरच्या वाटेवरच्या एका वस्तीतल्या शाळेतून आमची पुस्तकांची पेटी परत आणायची होती. शाळा बंद पडली होती, माणसं जनावरं घेऊन पाण्याकडे गेली होती. एस.टी.तून उतरून आम्ही भर दुपारी चालत पोचलो. दारांना बोराटीच्या फांद्या लावलेल्या. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. आमच्याच चपलांचा आवाज भिंतींवरून परत येत होता. ताईंना काय आठवत असेल ते मला कळत होतं, कारण मलाही तेच आठवत होतं.

शाळेतून पेटी उचलून निघालो, आणि मागे आवाज आला. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक.

माझ्या तोंडून निघून गेलं, "वारा असेल, ताई. चला, एस.टी. चुकेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हातातली पेटीची कडी सोडली आणि उलट वळल्या. शेवटच्या घराला बाहेरून साखळी होती. आतून घोगरा आवाज आला, "यारु?" मला तो शब्द कळला नाही. मी दोन पावलं मागे सरलो. ताई मात्र शांतपणे कानडीत म्हणाल्या, "नानु, अव्वा." कोण, असं तो आवाज विचारत होता; मी आहे, आई, असं ताईंचं उत्तर.

त्यांनी साखळी काढली. आत एक म्हातारी आडवी पडली होती, हातात रिकामा तांब्या. तोच ती जमिनीवर आपटत होती. लेक आदल्या दिवशी गाडी घेऊन पाण्याला गेला होता. कुत्री शिरू नयेत म्हणून त्याने साखळी घातली होती. वाटेत बैल बसला, म्हणून त्याला वेळेत परतता आलं नाही, हे आम्हाला नंतर कळलं. ताईंनी आमच्या बाटलीतलं पाणी पदराच्या बोळ्याने तिच्या ओठांवर थेंब थेंब पिळलं. लेक दिवस मावळताना आला. तोवर त्यांनी तिचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. म्हातारी वाचली.

त्या दिवशी मी वारा म्हणून पुढे निघालो होतो, याची मला पुष्कळ दिवस लाज वाटत होती. पुढे ताई निवृत्त होऊन गुलबर्ग्याला भावाकडे निघाल्या, तेव्हा उदगीर स्टेशनावर त्यांची वळकटी डब्यात ठेवून मी एकदाचं विचारलं, "ताई, खरंच वाराच असता तर?"

गाडी हलली होती. खिडकीच्या गजांमागून त्या म्हणाल्या, "मग काय झालं असतं, बाळा? चार पावलं जास्तीची चाललो असतो."

त्यानंतर आमची भेट झाली नाही.